मानीच्या वावरातली नोकरी

विद्यापीठवाल्यांचा निरोप साधा होता. घरातल्या एकाला घेऊन या. बापूजींनी त्याच्यावर बराच विचार केला आणि सकाळी सगळ्या घरालाच ट्रॉलीत बसवलं.

"कापूस इकाले नेतो तवा अर्धा माल घरी ठेवतो काय आपण?" गुणवंतानं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "गाडी पूरी न्यायची. घेणारा हात घालून पाह्यते, प्रत पाह्यते, अन् मंग बोलते. आपण आधीच कायले बोलायचं?"

आता ह्या बोलण्यात खोट तरी काय काढणार? बापूजींचा उभा जन्म घाटंजीच्या बाजारात कापूस नेण्यात गेलेला. माणसं घेण्याची रीत वेगळी असते हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. शिवाय दसऱ्यापासून घरात जे धुमसत होतं ते मिटवायचा त्यांना हाच एक रस्ता दिसत होता, की आपण कोणाचं नाव घ्यायचंच नाही. एका अंगाला नातू कपिल, दुसऱ्या अंगाला लेक सुरभी. नोकरी एकच.

ट्रॅक्टर गुणवंत चालवत होता, बापूजींचा थोरला, कपिलचा बाप. त्याची बायको कोकिळा शिदोरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ट्रॉलीच्या कडेला बसली होती. ट्रॉलीच्या फटींमध्ये गेल्या हंगामाचा कापूस अडकून राहिला होता. तो वाऱ्यानं सुटायचा आणि कपिलच्या इस्त्रीच्या काळ्या पॅन्टला जाऊन चिकटायचा. सुरभी समोर बसून एकेक धागा चिमटीनं काढत होती. दोघांत वयाचं अंतर थोडंच. ती बापूजींचं शेंडेफळ, आणि तिच्या कडेवर बसूनच कपिल लहानाचा मोठा झाला होता.

"आत्या, राहू दे वो," कपिल म्हणाला.

"इंटरव्ह्यूले असा जाशील? बस गुमान."

कोकिळेनं हे पाहिलं आणि मान फिरवली. तिला ह्या दोघांचं गूळपीठ आज नको होतं.

"मामाजी, वावरात सीतादहीची पूजा झाली की येचणी लागन," ती सासऱ्याला म्हणाली. "यंदा कापूस कुठं भरायचा?"

"कुठं म्हंजे? दर साली भरतो तिथंच."

दर साली कापूस मधल्या खोलीत भरत. मधल्या खोलीत सुरभी राहायची. राळेगावच्या नवऱ्यानं मूल नाही म्हणून दुसरी आणली, तेव्हा ही पेटी घेऊन माहेरी आली, नंतर यवतमाळला नर्सिंग शिकली, आता घाटंजीच्या एका खाजगी दवाखान्यात जाते-येते. ते सगळं होऊन गेलं, पुन्हा उगाळायला नको. पण खोलीचं सांगायला हवं. वेचणी लागली की कापूस यायचा, आढ्यापर्यंत खोली भरायची आणि सुरभीचं अंथरूण ओसरीत जायचं. पूर्वी महिन्या-दीड महिन्यात माल विकून खोली मोकळी व्हायची. अलीकडे भाव म्हणून काही राहिलाच नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल करत कापूस होळीच्या पुढं पडून असायचा. अंथरूण ओसरीतच.

सुरभीनं कपिलच्या गुडघ्यावरचा अजून एक धागा काढला आणि वाऱ्यावर सोडला.

धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोंडं फुटलेली. मातीवर धुकं, धुक्यावर कापूस, आणि त्याच्या वर एकदम विद्यापीठाच्या दवाखान्याची पांढरी इमारत निघाली. कुठं शेत संपतं आणि कुठं भिंत लागते ते कळत नव्हतं. बापूजी ट्रॉलीतच उभे राहिले.

"हे मानीचं वावर," ते म्हणाले, जसं काही कोणाला माहीत नव्हतं.

मानीबाई त्यांची बायको. हे रान तिच्या बापानं तिला आंदण दिलेलं, तेव्हापासून घरात त्याचं नाव मानीचं वावर. मानीबाई जाऊन वर्षं झाली, वावर त्यानंतर विद्यापीठानं घेतलं. दोन गोष्टी ठरल्या होत्या. कुंपणाबाहेर उरलेला पट्टा ह्यांच्याकडेच राहील, आणि ज्या घराची जमीन गेली त्या घरातल्या एकाला, पात्रता बसली तर, नोकरी मिळेल. गावातल्यांनी पहिलीच गोष्ट खरी धरली होती. दुसरी खरी निघाली तेव्हा सगळेच गडबडले.

आत भिंतीवर जागांचा मोठा फलक होता. कपिलनं तो वाचून दाखवला. सगळ्यात वर प्राध्यापक, त्याला एम.डी. आणि अध्यापनाचा अनुभव.

"ते राहू दे," बापूजी गंभीरपणे म्हणाले. "खालचं वाच."

परिचारिका: नर्सिंगचा कोर्स, नोंदणी, अनुभव, जागा कायम, आवारातल्या क्वार्टरमध्ये राहणं सक्तीचं. वॉर्ड मदतनीस: दहावी पास, आधी करारावर, काम पाहून पुढं कायम. माळी: चौथी पास, बागकामाची माहिती.

टेबलाशी कहकशां मॅडम बसल्या होत्या. यवतमाळच्या, वय फार नसेल, बोलणं मऊ. समोर पाच माणसं रांगेत उभी राहिलेली पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उमेदवार कोण आहे?"

"सारेच हाय," बापूजी म्हणाले. "तुमी पाहून घ्या. जो पसंत पडन तो ठेवा, बाकीचे आमी वापस नेतो."

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "बाबा, तसं नाही होत. तुमच्या घरासाठी एकच जागा धरलेली आहे. तुम्ही नाव सांगायचं, मग आम्ही त्या नावाची पात्रता बघायची. एकदा नाव दिलं की बदलता येत नाही."

"पण तुमाले माणूस पाह्यजे न? आमाले काय समजते?"

"आम्हाला तुमच्या घरातलं काय समजतं?" मॅडम म्हणाल्या.

बापूजी टेबलावर वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण कानानं कमी असल्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी माळी नाही होऊ शकत काय? माहं चौथी झालं हाय."

"वयाची अट आहे, बाबा."

"हाव, ते तं राहीनच."

ते सरळ झाले. मॅडमनी बँकेत देतात तसा पितळेचा एक बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर हा बिल्ला ज्याच्या हातात असेल तो उमेदवार, त्याचेच कागद तपासणार. बापूजींनी बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि ह्या लोकांनी आपला माल न बघताच परत पाठवला असं त्यांना वाटत राहिलं.

मग काय, भांडण कॉरिडॉरमध्ये झालं.

बाकावर बसून कोकिळेनं शिदोरी सोडली, भाकरी आणि ठेचा काढला. येणारेजाणारे वळून बघत होते. गुणवंत भाकरी हातात घेऊन उभाच राहिला.

"याच्यात बोलाचं काय हाय? कपिलचं नाव द्याचं."

"दादा, ती जागा दहावीची हाय," सुरभी म्हणाली. "करारावरची. मी नर्स म्हून लागतो तं कायम लागतो. आपल्या घराले एक जागा भेटून राह्यली, तं मोठी काहून नाही घ्याची?"

"आपल्या घराले?" गुणवंतानं भाकरी खाली ठेवली. "तू हक्कसोड करून देल्ला होता सुरभे. तवा माहं घर, तुहं घर झालं होतं."

"हक्क वावराचा सोडला. अन् वावर तरी कोणाचं होतं? मायनं आणलं होतं."

"आणलं, अन् मंग ते ह्या घराचं झालं. तसंच असते."

कपिल खिडकीशी उभा होता. खरं सांगायचं तर त्याला मध्ये पडून आत्याची बाजू घ्यावीशी वाटत नव्हती. मनातून त्याला ती नोकरी हवी होती, फार हवी होती, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. गेल्या महिन्यात घरचे फुलसावंगीला मुलगी पाहायला गेले होते. मुलीच्या बापानं शेत विचारलं नाही, घर विचारलं नाही. पोहे यायच्या आधीच म्हणाला, "नोकरी हाय काय कुठं? नसन तं राग नका मानू." कापूस पिकवणाऱ्याला मुलगी द्यायची म्हणजे विहिरीत ढकलायची, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मुलगी मात्र पोहे ठेवताना हळूच बोलली होती. "तुमाले येचता येते काय?" कपिलनं हो म्हटलं. "मले तुमच्यापेक्षा जास्त येते," ती म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून कपिल वावरात कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत उभा राहिला की पुढच्या ओळीत ती दिसायची, कमरेची ओटी वेचलेल्या कापसानं भरलेली, पुढं निघून गेलेली. दिवाळीनंतर कळवतो, असं तिचा बाप म्हणाला होता.

"बाबा, मले लागली तं दोन वर्षांत कायम करतीन," तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला. "तिथं लिहिलं हाय."

सुरभीनं त्याच्याकडे पाहिलं. नोकरीबद्दल सकाळपासून तो एवढंच बोलला होता आणि ते तिच्याविरुद्ध होतं. तिला राग आला नाही. हातातली भाकरी तिनं बाकावर ठेवली.

ती उठली आणि चालायला लागली. पाणी प्यायचं निमित्त. कॉरिडॉर लांब होता, फरशी थंड, नवीन रंगाचा वास. एका दाराच्या काचेतून तिनं आत पाहिलं. खाटा ओळीनं लागल्या होत्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. तिनं स्वतःला तिथं बघितलं. रात्रपाळी संपवून बाहेर येते आहे, पायवाटेनं क्वार्टरकडे जाते आहे, कमरेच्या किल्लीनं दार उघडते आहे. आत एक खाट. खाट कायम तिथंच. कार्तिक आला, मार्गशीर्ष आला, होळी आली, खाट हलली नाही. एवढंच स्वप्न होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर हसला असता.

मागून कोकिळा आली. हातात तांब्या.

"क्वार्टर पाहून राह्यली काय?"

"वहिनी, तुमी तरी दादाले समजावा."

"मी कायले समजावू? माह्या पोट्ट्याचं लगन अडकलं हाय." कोकिळेनं तांब्या भरला, तो काठोकाठ होऊन वाहायला लागला तरी नळ बंद केला नाही. "अन् तुले काय, चाल्लीच तू. फलकावर लिहिलंच हाय, इथंच राहा लागते. जाय. एका घरात दोन बाया राहू नये म्हंतात ते खरं हाय."

"म्हंजे मी गेली तं तुमाले बरं वाटन, का मी राह्यली तं? एक काहीतरी बोला."

कोकिळेनं नळ बंद केला. ती आल्यापावली परत फिरली, आणि बाकापाशी येऊन बघते तो बापूजी जागेवर नाहीत.

गुणवंत एकीकडे धावला, कपिल दुसरीकडे. ऐंशीला टेकलेला माणूस, कानानं कमी, एवढी मोठी इमारत. सुरभीलाच आधी चपला दिसल्या. टोकाच्या एका वॉर्डाच्या दारात, एकीला एक लावून ठेवलेल्या, टाचांनी झिजलेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. खाटा अजून आल्या नव्हत्या. रिकाम्या खोलीच्या मधोमध बापूजी मांडी घालून बसले होते, डोळे मिटून.

"बापूजी," सुरभी जवळ बसली. "अनवाणी काहून बसले? फरशी थंडी हाय."

"खळ्यावर कोणी चपला घालून येते काय?" त्यांनी डोळे उघडले नाहीत. "इथं खळं होतं. त्या कोपऱ्यात तुही माय बसे. तू तिच्या मांडीवर. मले आता एवढ्यात दिसलं सारं. वारा होता, अन् ती सूप धरून उभी होती, अन् मले म्हणे, आवराले लागा न, कायची वाट पाह्यता?"

बाहेरचं धुकं आता विरळ झालं होतं आणि उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून खाली फरशीवर उतरत होता. गुणवंतानंसुद्धा दारातच पायातले बूट काढले. त्याचं त्यालाही ते कळलं नसावं.

"आवरा आता," बापूजी म्हणाले. "वाटे टाकू."

वाटे टाकणं ही ह्या घराची जुनी रीत. खळ्यावर दाण्याच्या राशी पाडल्या की ज्याचा हिस्सा नाही असं एक माणूस पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका राशीवर हात ठेवून विचारायचं, हे कोणाचं? पाठमोरं माणूस ज्याचं नाव घेईल त्याची ती रास. बापूजी आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले तेव्हा बैलांची, भांड्यांची, घराच्या दोन भागांची वाटणी अशीच झाली होती. नंतर कोणी हूं का चूं केलं नव्हतं. वाट्यावर बोट ठेवायचं नसतं.

बापूजींनी कोटाच्या एका खिशातून बिल्ला काढला. दुसऱ्या खिशातून कापसाचं फुटलेलं बोंड. दोन्ही फरशीवर ठेवलं, थोड्या अंतरावर.

"हे नोकरी. हे घर अन् उरलेलं वावर. एकाले हे, दुसऱ्याले ते. गुणवंता, मंजूर हाय काय?"

गुणवंतानं मुलाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "पाठ कोण करते?"

"कोकिळा. तिचा यात वाटा नाही."

गुणवंताच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं, लपवलं तरी दिसलंच. "मंजूर," तो म्हणाला. कपिलनं मान हलवली. सुरभी म्हणाली, "मंजूर."

कोकिळा खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. रीत म्हणून डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढला, पण पातळ पदरातून बाहेरचं सगळं दिसत होतं. कुंपण, कुंपणापलीकडे उरलेला पट्टा, पांढरा झालेला. तिथं दर साली दोन पाता शेजारी शेजारी असायच्या, पात म्हणजे एका बाईच्या वाट्याच्या ओळी. एक पात कोकिळेची, एक सुरभीची. सुट्टीच्या दिवशी सुरभी वेचायला यायची आणि दोघी दिवसभर भांडायच्या. मिठावरून, धुण्यावरून, कोण पुढं गेली त्यावरून. भांडणातच ओट्या भरायच्या. सुरभी गेली तर बाजूच्या पातेत कोण येणार? घरात सासरा, नवरा, मुलगा. बोलायचं कोणाशी? आज सकाळपासून छातीत जे टोचत होतं ते हे होतं, हे तिला आत्ता, पदराआड, उमगलं. कपिलच्या लग्नाची काळजी खोटी नव्हती, पण तिच्यामागं हेही लपून बसलं होतं.

मागं फरशीवर बिल्ल्याचा आवाज झाला. बारीक, पण स्पष्ट. धातू दगडावर सरकल्याचा.

"हे कोणाचं?" बापूजींनी विचारलं.

कापसाच्या बोंडाला आवाज नसतो. हात बिल्ल्यावर होता. आता जे नाव तिच्या तोंडून निघेल त्याची नोकरी, आणि आपल्याला ते कळलं आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, असं तिला वाटलं.

कपिल, असं तिच्या जिभेवर आलंच होतं. तिनं फुलसावंगीची मुलगी पाहिली होती. उंच, हसरी, घरात आली असती तर बाजूच्या पातेत उभी राहिली असती. सगळंच साधलं असतं. सून आली असती, सुरभी राहिली असती. राहिली असती म्हणजे कुठं? सीतादही होईल, दहीभात वावराच्या चारी धुऱ्यांवर, बांधांवर, शिंपडला जाईल, कापूस घरी येईल. आणि एका सकाळी कोकिळा मधल्या खोलीत जाईल, सुरभीची गादी गुंडाळेल, उशी वर ठेवेल आणि ओसरीत आणून टाकेल. दर साली तीच टाकायची. सुरभी कामावर गेलेली असताना, म्हणजे तोंड बघावं लागत नाही. सून आली असती तर मधली खोली सुनेची झाली असती आणि गादी परत आतही गेली नसती. गादीचं वजन तिला आत्ता हातांवर जाणवलं. हलकी होती. माहेरच्याच कापसाची, मानीबाईंनी भरून घेतलेली.

"कोकिळे, हे कोणाचं?"

"सुरभीचं," ती म्हणाली.

ती लगेच वळली नाही. मागं कोणीतरी खाली बसल्याचा आवाज आला, मग सुरभीचं रडणं, तोंडावर हात दाबून रडतात तसं. गुणवंत म्हणाला, "बरं." एवढंच. तो आतून फुटला होता, पण वाट्यावर बोट ठेवायचं नसतं, आणि पाठ त्याच्याच बायकोची होती.

कपिल वाकला, त्यानं बोंड उचललं आणि खिशात टाकलं. मग बिल्ला उचलून सुरभीच्या हातात दिला. "जाय आत्या. सुट्टी सरली असन." त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

कहकशां मॅडमनी कागद तपासले. कोर्स, नोंदणी, अनुभव, सगळं बसलं. क्वार्टर लगेच मिळणार होतं. बाकीच्या सह्या, फोटो, वैद्यकीय तपासणी ह्यांत संध्याकाळ होणार, म्हणून सुरभीनं मागं थांबायचं आणि उद्या सामान न्यायला घरी यायचं असं ठरलं. निरोप घेताना ती कोकिळेच्या गळ्यात पडली. कोकिळेनं तिला बाजूला केलं आणि उरलेल्या भाकरीचं गाठोडं तिच्या हातात कोंबलं.

"ठेचा जास्त हाय त्यात. पाणी पी वरून."

ट्रॅक्टर सुरू झाला. उन्हं कलली होती, कुंपणालगतचा पट्टा पिवळसर पांढरा दिसत होता. बापूजी पुढं ट्रॉलीच्या कठड्याला धरून बसले होते, वावराकडे तोंड करून. कपिल आणि कोकिळा मागं. कपिलच्या पॅन्टला पुन्हा कापूस चिकटला होता, ह्या वेळी काढणारं कोणी नव्हतं.

तो तिच्याजवळ सरकून म्हणाला, "माय."

"हं."

"बिल्ला वाजला होता."

कोकिळेनं पदर नीट केला. नाही म्हणता आलं असतं. ट्रॅक्टरचा आवाज मोठा होता, ऐकूच आलं नाही असंही करता आलं असतं.

"हाव," ती म्हणाली. "मले आयकू आला."

"मंग माहं नाव काहून नाही घेतलं?"

"चार दिवसांत कापूस घरी येईन. तिचं अंथरूण दर साली मी उचलतो, कपिल. तुहा बाप नाही उचलत, तू नाही उचलत. मी उचलतो." तिनं ट्रॉलीची कड धरली. "यंदा माह्यानं उचलवलं नसतं. तुले वाईट वाटलं, मले दिसते. माह्यावर राग काढ, पण तिच्यावर नको काढू."

कपिलनं खिशातून बोंड काढलं. बोटांनी त्यातला कापूस सोडवत राहिला, सरकी एकीकडे, कापूस एकीकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं पुसलं नाही.

"फुलसावंगीवाल्यायले नोकरी नाही म्हून मी सांगतो," शेवटी तो म्हणाला. "तू नको जाऊ. मीच जातो. तिले पण इचारतो."

"काय इचारशील?"

"माह्यापेक्षा जास्त येचते म्हणे. येचून दाखवते काय म्हणतो."

कोकिळा हसली नाही, पण तिचा हात आपोआप पुढं झाला आणि तिनं त्याच्या पॅन्टवरचा एक धागा काढला.

"बापूजीनं बिल्ला मुद्दाम वाजवला काय वो?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला ऐकू गेलं असेल असं वाटत नव्हतं. ते वावराकडेच बघत होते, ओठ हलत होते, जसं काही तिथं कोणाशी बोलणं चाललं होतं. मग तिची नजर खाली गेली आणि ती एकदम दचकली.

"अवो, थांबवा," ती पुढं गुणवंताला ओरडून म्हणाली. "मामाजीच्या चपला राह्यल्या तिथंच. दवाखान्यात."

गुणवंतानं ट्रॅक्टर हळू केला आणि मागं वळून पाहिलं.

बापूजींनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. पाय त्यांनी आरामात लांब पसरले.

"चालू दे," ते म्हणाले. "सुरभी हाय न तिथं."